शाळेत मुलांची मानसिक आरोग्य तपासणी: फॉर्म भरून घेण्याआधी हे बघा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. केंद्रप्रमुखांनी ग्रुपवर कुठल्यातरी संस्थेच्या गुगल फॉर्मची लिंक टाकलीय, सहावी ते आठवीच्या सगळ्या मुलांकडून नाव आणि हजेरी नंबरासकट शनिवारपर्यंत भरून घ्या म्हणतायत, आणि तुम्ही विचारताय की घेऊ का नको. मी बरीच वर्षं झेडपीच्या शाळांमधे समुपदेशनाचं काम करतेय म्हणून जरा सविस्तर लिहिते. तपासणी व्हायलाच पाहिजे या मताची मी आहे, पण अशी नाही. फॉर्म भरला त्याच दिवशी तो कोण वाचणार आणि गरज असलेल्या मुलाशी कोण बोलणार हे ठरलेलं नसेल तर सरळ थांबा.

कारण अशा बऱ्याच प्रश्नावल्यांमधे एखादा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दल असतो. एका शाळेत असाच फॉर्म भरून घेतला, त्याची एक्सेल शीट आली पुढची परीक्षा होऊन गेल्यावर, आणि त्यात आठवीतल्या एका मुलीने त्या प्रश्नापुढे 'जवळपास रोज' निवडलेलं. तोपर्यंत तिला कोणी काही विचारलंच नव्हतं. मी भेटले तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, मला वाटलं ते कोणी वाचत नसेल." पोरीने केवढं धाडस करून सांगितलं होतं आणि आपल्याकडून काहीच नाही, म्हणजे पुढच्या वेळी ती सांगेल कशाला?

आता आकड्यांचं बघा, कारण यादी हातात आली की लोक तिला निदान समजतात. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार आढळला होता. तुमच्या केंद्रात, म्हणजे त्याखालच्या शाळा मिळून, समजा २०० मुलं आहेत, त्यातली १४ खरंच त्रासात आहेत, आणि प्रश्नावली चांगली आहे, म्हणजे त्रासातल्या १०० पैकी ८० जणांना पकडते आणि ठीक असलेल्या १०० पैकी ८० जणांना बरोबर सोडून देते. तर १४ पैकी ११ सापडतील, पण उरलेल्या १८६ मधली ३७ मुलं उगाच यादीत येतील. म्हणजे ४८ नावं, त्यातली खरी ११, आणि ३ तर सुटलीच. कोणाशी निवांत बोलायचं एवढंच ही यादी सांगते, याच्यापुढे काही नाही. ती स्टाफच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडली की पोराला 'मेंटल' म्हणायला एक मधली सुट्टी पुरते, मग ते दहावीपर्यंत चिकटतं.

भरून घ्यायची पद्धत पण बघा. शाळेत फोन एकच, तो सरांचा, मागे पोरांची रांग, आणि सर मोठ्याने विचारतायत "घरी तुला कोणी मारतं का?" कोण हो म्हणेल? कागदावर दिलं तर एका बाकावर तिघं, आणि "मॅडम, दोन नंबरला काय लिहू" सुरू, हुशार मुलाचं बघून बाकीचे टिक करतात. बाक लांब लांब ठेवा, कागद घडी करून पेटीत टाकायला लावा, आणि याला मार्क नाहीत हे दोनदा सांगा. एसडीक्यू नावाची २५ प्रश्नांची प्रश्नावली आहे तिच्यात शिक्षकांनी आणि पालकांनी भरायचे भाग वेगळे असतात, मुलांनी स्वतः भरायचा भाग ११ वर्षांपासून पुढे, ते मला जास्त बरं वाटतं, कारण मारामारी करणारा पोरगा शिक्षकांच्या नजरेत येतोच पण कोपऱ्यात गप्प बसणारी मुलगी येत नाही, तिचं तिलाच विचारावं लागतं.

आणि महिना कुठला? तुमच्याकडे ऊसतोडीला जाणारी कुटुंबं आहेत असं तुम्ही लिहिलंय. दिवाळीनंतर फॉर्म भरलात तर ती मुलं कारखान्याच्या फडावर, म्हणजे ज्यांचं सगळ्यात जास्त विस्कटलेलं असतं तीच यादीत नाहीत. जुलै-ऑगस्टमधे करा, आणि परत आल्यावर त्यांच्याशी वेगळं बोला.

मुलांना "मी कोणालाच सांगणार नाही" असं वचन कधीही देऊ नका. लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शिक्षकालासुद्धा. "तुझ्या सुरक्षिततेसाठी लागेल तेवढंच, लागेल त्यालाच सांगेन" असं म्हणा.

पुढे पाठवायचं कुठे, तर आरबीएसकेचं, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, तपासणी पथक वर्षातून एकदा तुमच्या शाळेत येतंच, वजन-उंची-दात झाले की निघायच्या घाईत असतात, पण शिकण्यातली अक्षमता आणि एडीएचडी (लक्ष न टिकणं, अति चंचलपणा) त्यांच्या यादीत आहेत, त्यामुळे डॉक्टरांना आधीच चिठ्ठी देऊन ठेवा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार ओपीडी कुठल्या वाराला असते ते फोन करून विचारा, नाहीतर पालक मजुरी बुडवून जातात आणि हात हलवत परत येतात, मग दुसऱ्यांदा कोणी जात नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, तो वर्गात फळ्याच्या बाजूला लिहून ठेवा. सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मधे १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांत प्रशिक्षित समुपदेशक हवा असं सांगितलंय, त्याहून लहान असतील त्यांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यायचं. तुमचा पट साठचा आहे, म्हणजे हे जोडून द्या अशी मागणी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी करता येईल.

केंद्रप्रमुखांना नकार देऊ नका, लेखी विचारा: माहिती कोणाकडे जाणार, उत्तरं किती तासांत वाचणार, धोका दिसला तर शाळेला फोन कोण करणार. आणि पालकसभा घेतल्याशिवाय लिंक उघडू नका. आया पहिलं विचारतात की पोराच्या दाखल्यावर काही येणार का, तर 'नाही' हे उत्तर मुख्याध्यापकांच्या सहीने कागदावर असू द्या. संमतीपत्राचा साध्या मराठीतला मसुदा माझ्याकडे तयार आहे, मेसेज केलात तर आजच पाठवते.