शाळेच्या आवारात मुलांना हाताशी घेऊन खेळण्याजोगे सिमेंटचे शिल्प करता येईल का?

होय, करता येते. मात्र आकार ठरवणे आणि शेवटचे फरशीतुकड्यांचे नक्षीकाम मुलांकडे ठेवावे, तर सळ्यांचा सांगाडा, त्यावरची चिकन मेश (बारीक तारेची जाळी) आणि गिलावा जाणत्या गवंड्याकडे द्यावा. याचे कारण असे की ओल्या सिमेंटचा सामू (pH) १२ च्या वर, म्हणजे तीव्र अल्कधर्मी असतो आणि त्याने कोवळी त्वचा भाजते. मुलांनी शाडूत केलेल्या हत्ती-कासवांमधून एक नमुना निवडून तो चौकटी आखून मोठा करावा; सोंडेची घसरगुंडी कोठे संपते हे मुलेच अचूक सांगतात, मोठ्यांना ते सुचत नाही. गिलाव्यात साधे सिमेंट असल्यास त्यावर किमान ७ दिवस आणि पीपीसी (राखमिश्रित पोझोलाना सिमेंट) असल्यास १० दिवस पाणी मारावे, आणि त्यानंतरच तुकडे बसवायला घ्यावेत. तुकड्यांच्या कडा आधी घासून बोथट कराव्यात व सांधे पूर्ण भरावेत. एक अट मात्र कटाक्षाने पाळावी: ९ ते २३ सेंटीमीटर रुंदीचे कोणतेही आरपार भोक शिल्पात राहू देऊ नये, कारण त्यातून लहान मुलाचे धड निसटते, पण डोके अडकते. बोगदा हवाच असेल, तर मोठ्या माणसाला रांगत आत जाता येईल एवढा ऐसपैस ठेवावा.