फुलबागेतील समाधीजवळच्या कोरीव पाटीचा फोटो

'ग्वाल्हेरच्या फुलबागेत राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीजवळच्या कोरीव पाटीचा फोटो काढला, पण अक्षरे वाचता येत नाहीत, काय करावे?' असे आपण विचारले आहे. फ्लॅश बंद करावा आणि दगडावर ऊन अगदी तिरपे, जवळजवळ पृष्ठभागाला घासून पडत असेल त्या वेळी, कॅमेरा पाटीच्या नेमका समोर व तिच्याच उंचीवर धरून फोटो काढावा. समोरून पडलेला प्रकाश अक्षरांच्या खाचा भरून टाकतो, तर तिरपा प्रकाश प्रत्येक खाचेच्या एका काठाशी बारीक सावली धरतो, आणि आपण वाचतो ती ही सावलीच. इथल्या छत्र्यांवरील, म्हणजे समाधीस्मारकांवरील, झिजलेले लेख टिपताना मला याचा वारंवार अनुभव आला आहे. पाटीवर तिरपे ऊन येतच नसेल, तर हातातल्या छत्रीने सावली करून बाजूने टॉर्च धरावा आणि तो डावीकडून, उजवीकडून व वरून असे तीन फोटो घ्यावेत, कारण उभ्या रेघा बाजूच्या प्रकाशात उठतात, पण आडव्या रेघा आणि शिरोरेघ वरूनच. अक्षरे नुसती रंगवलेली असतील, तर मात्र हा उपाय चालत नाही. तिथे ढगाळ दिवसाचा सपाट उजेडच बरा. अक्षरांत खडू, पीठ किंवा तेल कृपा करून कधीही भरू नये. दगड ते शोषून घेतो आणि डाग जात नाही. १८ जूनला, राणींच्या पुण्यतिथीला, तिथे गर्दी असते. तो दिवस दर्शनासाठी ठेवावा.