नव्या गायिकांचे अल्बम येणार हे आधी कसं कळतं?

तुम्ही विचारलंय की कोल्हापुरात बसून नव्या, अजून फारशा गाजलेल्या नसलेल्या गायिकांचे अल्बम येणार हे आधी कसं कळेल, कारण दरवेळी महिना उलटल्यावरच पत्ता लागतो.

पत्ता उशिरा लागतो कारण भिस्त ॲपवर असते. स्पॉटिफायची 'रिलीज रडार' ही नव्या गाण्यांची यादी दर शुक्रवारी बदलते, पण तिच्यात गाणं येतं ते बाहेर पडल्यावर. शिवाय गाणं लाइक करणं म्हणजे गायिकेला फॉलो करणं नव्हे. तिच्या पानावर जाऊन फॉलोचं बटण वेगळं दाबावं लागतं, आणि निम्मे लोक तिथेच चुकतात.

अल्बमची खरी चाहूल सिंगल्समधून, म्हणजे आधी सुट्या येणाऱ्या गाण्यांमधून लागते. लंडनची ऑलिव्हिया डीन घ्या. २०१९, २०२० आणि २०२१ मध्ये एकेक ईपी (मोजक्या गाण्यांचा छोटा संच), मग जून २०२३ मध्ये पहिला अल्बम 'मेसी'. दुसऱ्याच्या वेळी पहिलं सिंगल मेअखेरीस आलं आणि अल्बम २६ सप्टेंबर २०२५ ला, म्हणजे जवळपास चार महिन्यांनी. त्यामुळे ईपीनंतर बराच काळ शांतता आणि मग पाठोपाठ दोन सिंगल्स आली की कान टवकारायचे. त्या सिंगल्सची कव्हरं शेजारी शेजारी ठेवून बघा. तोच रंग, तीच अक्षरं, त्याच फोटोसेशनमधले कपडे असतील तर अल्बम बहुतेक तयार आहे. गाण्याचे क्रेडिट्सही उघडा. दोन्हीकडे निर्माता एकच असेल तर शंका आणखी कमी.

याचा तोटा असा की दहा गाण्यांच्या अल्बममधली चार-पाच आधीच ऐकून झालेली असतात. अल्बम सलग, कोरा ऐकायचा असेल तर दुसऱ्या सिंगलनंतर हात आवरा. (एकेक गाणं सुटं येणं तसं जुनंच. लहानपणी काही महिने कोल्हापुरात शिकलेल्या आणि पुढे अल्लादियाखाँसाहेबांचा गंडा बांधलेल्या गायिका केसरबाई केरकरांच्या जुन्या ७८ आरपीएमच्या ग्रामोफोन तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावत. १९७७ च्या व्हॉयेजर अवकाशयानातून गेलेली त्यांची भैरवी तेवढीच आहे.)

तारीख जाहीर झाली की प्री-सेव्ह करा, म्हणजे अल्बम आला की आपोआप तुमच्या ॲपमध्ये जमा होतो. ॲपल म्युझिकवर याला प्री-ॲड म्हणतात, आणि तिथल्या पानावर बहुधा पूर्ण गाण्यांची यादीही दिसते: आलेली गाणी ठळक, बाकीची फिकट. स्वतःच्या बळावर काम करणाऱ्या मुली मात्र जेमतेम तीन-चार आठवडे आधी तारीख सांगतात. गाणी ॲपवर पोचवणाऱ्या वितरकाकडे फाइल द्यायची असते आणि स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं निदान सात दिवस आधी पाठवावं लागतं, एवढीच त्यांची सवड. म्हणून त्यांचं इन्स्टाग्राम आणि ईमेल यादी ॲपपेक्षा भरवशाची. माही जीसारखी मराठी रॅपर ऐकायची तर यूट्यूबवरची घंटाच दाबून ठेवलेली बरी.

वेळेचा घोळ वेगळाच. १० जुलै २०१५ पासून जगभर शुक्रवार हाच प्रकाशनाचा वार ठरला आहे. बहुतेक अल्बम आपल्याकडे गुरुवारी रात्री बारा वाजता उघडतात. पण न्यूयॉर्कच्या मध्यरात्रीला बांधलेला असेल तर तिकडच्या उन्हाळ्यात सकाळी साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा. बारा वाजता दिसला नाही म्हणून पुढे ढकलला असं समजू नका.

पैसे थेट गायिकेला पोचावेत असं वाटत असेल तर बँडकॅम्प या संकेतस्थळावरून अल्बम विकत घ्या. डिजिटल विक्रीवर ते साधारण १५ टक्के घेतात, 'बँडकॅम्प फ्रायडे' म्हणून जाहीर केलेल्या ठरावीक शुक्रवारी तेही सोडतात. मार्च २०२० पासून हे चालू आहे. तो दिवस कॅलिफोर्नियाच्या घड्याळावर चालतो, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी दुपारी साडेबाराला (हिवाळ्यात दीडला) सुरू. प्री-ऑर्डर केलीत तर आलेली गाणी लगेच उतरवता येतात. पैसे अडकले तर आधी बँकेच्या ॲपमध्ये बघा: २०२० च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात, ते चालू करावे लागतात.

वाट बघूनही अल्बम येत नाही, तेव्हा दोष बहुतेकदा गायिकेचा नसतो. ब्रिटिश गायिका रे हिचा लेबलशी, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपनीशी करार २०१४ चा. अल्बम काढू देत नाहीत हे तिने २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलं, मग स्वतंत्र होऊन पहिला अल्बम फेब्रुवारी २०२३ मध्ये आणला आणि २०२४ च्या ब्रिट पुरस्कारांत एका रात्रीत सहा घेतले. अमेरिकन गायिका चॅपल रोनचं 'पिंक पोनी क्लब' हे गाणं २०२० चं, आणि ते ज्या अल्बममध्ये आहे तो आला सप्टेंबर २०२३ मध्ये. म्हणून गाण्याच्या पानावर तळाशी वर्तुळातल्या 'पी'ची, म्हणजे ध्वनिमुद्रणाची मालकी कुणाची हे सांगणारी ओळ वाचायची सवय लावा. तिथे गायिकेचंच नाव असेल तर तारीख बरीचशी तिच्या हातात आहे. मोठ्या लेबलचं असेल तर जाहीर तारखेवरही पेन्सिलनेच खूण करा.

त्याच ओळीने आणखी एक फसवणूक टळते. सारख्या नावाच्या दुसऱ्याच कुणाचं गाणं चुकून तिच्या पानावर येतं, तेव्हा ती ओळ जुळत नाही. आणि प्री-सेव्हच्या त्रयस्थ पानांना खात्याची परवानगी दिली असेल, तर अल्बम आल्यावर सेटिंगमध्ये जाऊन ती काढून टाका.