मैत्रीण लॅबमध्ये, मी बुसानमध्ये

प्रश्न : मैत्रीण दक्षिण कोरियात बुसानला पीएचडी करते, आठवडाभर तिच्याकडे चाललेय. ती दिवसभर लॅबमध्ये असणार, मग मी एकटीने काय बघू? आणि मी शाकाहारी आहे!

उत्तर : अगं बिनधास्त फिर. बस-मेट्रोसाठी टी-मनी हे प्रीपेड कार्ड घे, फोनमध्ये नेव्हर मॅप हे कोरियन नकाशाचं ॲप टाक, मेट्रोत इंग्रजी पाट्या असतातच. पहिल्या दिवशी गामचॉन वस्ती गाठ, कोरियन युद्धातनं पळून आलेल्या लोकांनी १९५०च्या दशकात डोंगरउतारावर बांधलेली घरं, एकावर एक रचल्यासारखी, आता सगळी रंगीत. तोसॉंग स्टेशनहून छोटी बस वर जाते, ती पकड, मी शहाणपणा करून चालत चढले आणि अर्ध्यातच बसकण मारली. हेउंदे बीच ठीक, गर्दीच फार. जागाल्ची मासळीबाजार तुझ्यासाठी नाही, पण जवळच नाम्पोदोंगला सिआत होत्तक मिळतं, तळलेली गोड पोळी मधे कापून त्यात सूर्यफुलाच्या, भोपळ्याच्या बिया आणि साखर कोंबतात, गरम पाक थेट हनुवटीवर येतो. किमची, म्हणजे आंबवलेली तिखट कोबी, मात्र विचारून खा, बहुतेकदा मासळीचा सॉस असतो. जाताना मैत्रिणीसाठी मेतकूट ने, नाहीतर घरात घेणार नाही ती!