पंपाच्या सिलेंडरला इपॉक्सी लावण्याआधी

फवारणी पंपाच्या इंजिनाच्या सिलेंडरची बाहेरची फिनच (गार ठेवणारी पातळ पट्टी) तुटली आहे ना? मग घाबरू नका, घरी जमेल. पण पिस्टन घासतो त्या आतल्या भिंतीला इपॉक्सी (दोन ट्यूब कालवून लावायचा, सुकून कडक होणारा गोंद) कधीच लावू नका. ती सुटून पिस्टनच्या रिंगांत अडकते. आत ओरखडे असतील तर सिलेंडर मेकॅनिककडेच न्या.

नवखे चुकतात ते सफाईत. तेलाचा अंश राहिला की पकड गेलीच. अ‍ॅसिटोनने पुसा, ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडा, परत पुसा. मग तिथे बोटसुद्धा लावायचं नाही.

- नळाचं एम-सील नको. उष्णता सोसणारी, धातूसाठीची इपॉक्सी घ्या.
- दोन्ही ट्यूब पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात घ्या, नीट कालवा.
- २४ तास इंजिन चालू करू नका.

पहिलाच थर पातळ द्या, हात आपोआप बसेल.