बटण एकीकडे, बॉक्स भलतीकडे

पायथॉनमध्ये पहिली विंडो बनवणाऱ्यांचे बरेच प्रश्न आलेत, जवळपास सगळे टीके-इंटरचे (पायथॉनची विंडो, बटणं वगैरे बनवायची लायब्ररी), आणि दुखणं एकच: कोड चालतो पण वस्तू जागेवर बसत नाहीत. वस्तू मांडायच्या त्यात तीन पद्धती आहेत: प्लेस (नेमक्या जागी), ग्रिड (आडव्या-उभ्या खान्यांत) आणि पॅक (एकामागून एक कडेला लावत).

प्रश्न: नाव, फोन, ईमेल आणि खाली दोन बटणं असा साधा फॉर्म केलाय. प्लेस वापरून प्रत्येकाला एक्स-वाय दिलेत. माझ्याकडे मस्त दिसतो, पण मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर लेबल बॉक्सखाली घुसतं, आणि विंडो मोठी केली की सगळं डाव्या कोपऱ्यातच राहतं. बरोबर आकडे कसे काढायचे?

उत्तर: काढूच नका. तुम्ही लेबल २० पिक्सेलवर ठेवलं, बॉक्स १०० वर, तुमच्याकडे लेबल ७० पिक्सेल रुंद म्हणून जमून गेलं. तिकडे ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी, फॉन्ट वेगळा, तेच लेबल ९५ चं झालं आणि बॉक्स तर तुम्ही १०० वर ठोकून ठेवलाय, मग घुसणारच ना. आणि दुसऱ्याचा कॉम्प्युटर सोडा, उद्या तुम्हीच ‘फोन’चं ‘पर्यायी फोन नंबर’ केलंत तर परत सगळे आकडे मोजत बसा.

असल्या फॉर्मला ग्रिड घ्या. त्यात आडव्या ओळी म्हणजे रो, उभे रकाने म्हणजे कॉलम, दोन्हींची मोजणी ० पासून. लेबलं कॉलम ० मध्ये, बॉक्स कॉलम १ मध्ये. कॉलममधली सगळ्यात रुंद वस्तू कॉलमची रुंदी ठरवते, त्यामुळे लेबल वाढलं तर बॉक्स आपोआप सरकतात, तुम्हाला काही करावं लागत नाही. वस्तूंमध्ये मोकळी जागा हवी तर पॅड-एक्स, पॅड-वाय द्या.

आता विंडो मोठी केल्यावरचं. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि नवीन माणूस हमखास एकच करतो. स्टिकी म्हणजे वस्तूने आपल्या खान्याच्या कुठल्या कडांना चिकटायचं, ई-डब्ल्यू दिलं की ती पूर्व-पश्चिम ताणली जाते. पण खानाच वाढला नाही तर ताणणार कुठे? खाना वाढायला कॉलमला वेट लागतं, ते कॉलमकॉन्फिगरमधून द्यायचं, आणि न दिलेलं वेट ० असतं म्हणजे जास्तीच्या जागेतलं त्या कॉलमला काहीच मिळत नाही. तुमच्या फॉर्ममध्ये कॉलम १ ला वेट १, बॉक्सना स्टिकी ई-डब्ल्यू, बास. लेबलांना वेट नको, ती रुंद होऊन काय करणार? एका कॉलमला १ आणि दुसऱ्याला ३ दिलं तर वाटणी फक्त उरलेल्या जागेची होते हं, पूर्ण रुंदीची नाही, म्हणून एक कॉलम दुसऱ्याच्या बरोब्बर तिप्पट दिसेलच असं नाही.

दोन बटणं थेट त्याच कॉलममध्ये टाकू नका, एक लेबलाखाली आणि दुसरं बॉक्सखाली असं विचित्र दिसतं. बटणांसाठी वेगळी फ्रेम (इतर वस्तू आत ठेवायची रिकामी चौकट) करा, ती कॉलमस्पॅन २ देऊन, म्हणजे दोन्ही कॉलमभर पसरवून, खाली बसवा आणि फ्रेमच्या आत बटणं शेजारीशेजारी लावा. विंडोची साइझ लॉक करून टाका असंही कोणीतरी सांगेल, पण माझ्या मते ती पळवाट आहे.

प्रश्न: बटण खूप खाली जावं म्हणून रो १० दिलं, तरी ते वरच्या बॉक्सला चिकटूनच येतं.

उत्तर: रिकाम्या रोची उंची शून्य असते, मग १० द्या नाहीतर ५०. वर अंतर हवं तर पॅड-वाय, आणि एकदम तळाशी ढकलायचं असेल तर मधल्या एका रिकाम्या रोला रोकॉन्फिगरने वेट १ द्या, विंडोतली उरलेली उंची ती रो खाते.

प्रश्न: अर्धी विंडो पॅकने झाली होती, मग ग्रिड वापरायला गेलो तर एरर. दोन्ही एकत्र चालतच नाहीत का?

उत्तर: चालतात, फक्त एकाच पॅरेंटमध्ये, म्हणजे वस्तू ज्याच्या आत आहेत त्या एकाच विंडोत किंवा फ्रेममध्ये, नाही. मेन विंडोत दोन-तीन फ्रेम पॅकने लावल्या आणि त्यातल्या एका फ्रेमच्या आत ग्रिड केला तर काही हरकत नाही, मोठे प्रोग्राम असेच असतात. आणि एरर आली म्हणून वैतागू नका, टीके (टीके-इंटर ज्याच्यावर चालतं ते) ८.६ च्या आधी अशा वेळी एररही यायची नाही, दोघं एकमेकांची मांडणी बदलत बसायचे आणि प्रोग्राम लटकायचा.

प्रश्न: बॉक्स दिसतो, पण बटण दाबल्यावर त्यातला मजकूर घ्यायला गेट केलं की ‘नन-टाइप’ची एरर येते.

उत्तर: एंट्री (म्हणजे तुमचा बॉक्स) बनवून त्याच ओळीत शेवटी डॉट ग्रिड लावलंय ना? ग्रिड काही परत देत नाही, म्हणून व्हेरिएबलमध्ये बॉक्सऐवजी नन, म्हणजे ‘काहीच नाही’, पडतं. एका ओळीत एंट्री बनवा, पुढच्या ओळीत ग्रिड. पॅकचंही तेच.

प्रश्न: टेक्स्टच्या (अनेक ओळी लिहायच्या मोठ्या बॉक्सच्या) उजवीकडे स्क्रोलबार आणि खाली स्टेटसची पट्टी लावलीये, सगळं पॅकने. विंडो लहान केली की स्क्रोलबार आणि पट्टी गायब, टेक्स्ट मात्र तसंच.

उत्तर: तुम्ही टेक्स्ट आधी पॅक केलंय. पॅक ज्या क्रमाने बोलावाल त्या क्रमाने जागा देतं, आणि जागा कमी पडली की शेवटी आलेल्यावर कात्री. टेक्स्टची मूळ मागणीच मोठी असते, ८० अक्षरं रुंद आणि २४ ओळी उंच, तेवढं त्याने आधीच घेतलं की बाकीच्यांना उरतं काय. म्हणून क्रम उलटा करा (साइड म्हणजे कुठल्या कडेला, फिल म्हणजे मिळालेल्या जागेत कुठल्या दिशेने ताणायचं, एक्सपांड म्हणजे उरलेली जागाही घ्यायची): आधी पट्टी, साइड बॉटम आणि फिल एक्स. मग स्क्रोलबार, साइड राइट आणि फिल वाय. टेक्स्ट सगळ्यात शेवटी, फिल बोथ आणि एक्सपांड ट्रू. आता विंडो कितीही आवळा, आधी टेक्स्टच बारीक होईल. एक्सपांड फक्त टेक्स्टलाच द्या, पट्टीला पण दिलंत तर उरलेली उंची दोघांत वाटली जाते आणि पट्टीच्या आजूबाजूला उगाच मोकळी जागा दिसायला लागते.