मंगळावरची खनिजे अभ्यासायची असतील, तर बी.एस्सी.ला भूगर्भशास्त्र घ्यावे

सप्रेम नमस्कार,

मेहकर तालुक्यातून आपण पाठवलेले पत्र मिळाले. बारावी विज्ञानला असलेल्या आपल्या मुलीला मंगळावरचे दगड ओळखण्याचे शिक्षण घ्यायचे आहे. त्यासाठी इंजिनिअरिंगच करावे लागेल का आणि कापसाच्या भरवशावर चालणाऱ्या घराने तिला या वाटेने पाठवावे का, असे आपण विचारले आहे.

इंजिनिअरिंगची सक्ती नाही, कारण दुरून दगड ओळखण्याचे काम मुळात खनिजांच्या अभ्यासाचे आहे. खनिजातील अणूंचे बंध ठरावीक तरंगलांबीचा अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा) प्रकाश शोषून घेतात, त्यामुळे परावर्तित प्रकाशाच्या आलेखात तेथे खळगा पडतो, आणि त्या खळग्याच्या जागेवरून खनिज ओळखतात. आपल्या शेतातील काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, ती स्मेक्टाइट गटातील चिकणमातीच्या खनिजांमुळे. तिचे वाळलेले ढेकूळ वर्णपटमापकाखाली (प्रकाशाचा असा आलेख काढणाऱ्या उपकरणाखाली) ठेवले, तर १.९ मायक्रोमीटरजवळ पाण्याचा आणि २.२ जवळ ॲल्युमिनियमशी जोडलेल्या हायड्रॉक्सिलचा (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीचा) खळगा दिसतो. मंगळाभोवती २००६ पासून फिरणाऱ्या यानावरील क्रिझम या उपकरणाला तिथल्या प्राचीन खडकांत असाच खळगा अनेक ठिकाणी २.३ जवळ आढळला, म्हणजे तेथील स्मेक्टाइट लोह-मॅग्नेशियमचे आहे आणि तिथल्या बेसॉल्टचा (काळ्या पाषाणाचा) कधीकाळी पाण्याशी दीर्घ संबंध आला होता. एक दशांश मायक्रोमीटरच्या फरकातून एवढे कळते! आपल्या शेजारचे लोणार विवरही बेसॉल्टमध्येच आघाताने तयार झालेले असल्याने शास्त्रज्ञ मंगळाच्या विवरांशी त्याची तुलना करतात.

मुले चुकतात ती पदवीचे विषय निवडताना. जवळच्या महाविद्यालयात भूगर्भशास्त्र नाही म्हणून दुसराच विषय घेतला, तर एम.एस्सी. भूगर्भशास्त्राची दारे बहुतेक ठिकाणी बंद होतात. त्यामुळे अमरावती किंवा नागपूरला वसतिगृहात ठेवावे लागले तरी तिला हाच विषय द्यावा, आणि सोबत शक्यतो भौतिकशास्त्र व गणित ठेवावे. पुढे जॅम परीक्षेतून आय.आय.टी.त एम.एस्सी. आणि त्यानंतर अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेसारख्या संस्थेत पीएच.डी. करता येते.

ग्रहविज्ञानातील जागा मोजक्या आहेत, हे मी आपल्यापासून लपवणार नाही. मात्र एम.एस्सी. भूगर्भशास्त्रानंतर संघ लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जाता येते, आणि उपग्रहचित्रांतून माती व खडक ओळखण्याचे कौशल्य नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रासारख्या ठिकाणी लागतेच. म्हणून आपण तिला अवश्य पाठवावे. महागडे खासगी ‘स्पेस कोर्स’ मात्र टाळावेत.

निकाल लागल्यावर प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी, निवडलेल्या महाविद्यालयांच्या विषयगटांची यादी मला जरूर पाठवावी.